बादलीतली बैठक

धाकटी रांगू लागली त्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरच्या लोडरची माती भरायची मोठी लोखंडी बादली उचलून धरणारे दोन्ही तेलाचे सिलिंडर गळू लागले. बादली वर उचललेलीच ठेवून मी सील बदलायला खाली शिरणार, तोच बायको शेंगांची टोपली घेऊन आली.

“आधी बादली जमिनीवर टेकवा. तेलाची नळी सोडल्यावर ती काय हवेत थांबणार आहे?”

मी कुरकुरत टेकवली. तरी माझा भरवसा नाही म्हणून ती बादलीतच बसून शेंगा सोलू लागली.

“अगं, लोक हसतील!”

“हसू देत की. त्यांच्यासोबत हसायला तुम्हीही असाल.”

पुढे दर वेळी ती अशीच बसायची. माझ्या बरोबरीचे दोन मिस्त्री उचललेल्या बादलीखाली चिरडून गेले. बायको गेल्या हिवाळ्यात वारली, तेव्हा तिचा हात धरायला मी होतो.