ताटावरचा हात

माळ्याच्या फळ्या करकरल्या की खाली जेवणारे ताटावर तळहात धरायचे, कारण फटींतून भाताचं तूस पडायचं. वर कुणी नसलं तरी फळ्या करकरायच्या आणि घरातली माणसं गुमान हात धरायची. धनाजीच्या डोक्यात तिडीक जायची ती यानंच.

त्यानं खिळे ठोकले, स्क्रू पिळले, पाचरी मारल्या. तरी करकर शिडीपासून भिंतीपर्यंत जायची आणि सावकाश परत यायची.

"लाकूड जुनं हाय रं," त्याची आई अंबूबाई म्हणाली. "हात धर आन् जेव."

"वर चालतंय कोन, ते सांग आदी."

अंबूबाईनं भाकरी मोडली. त्याची बायको प्रेरणा चुलीकडं बघत राहिली.

तो उष्ट्या हातानं उठला. शिव्या देत त्यानं पहारीनं एकेक फळी उचकटली, टेम्पोत भरून कापूरहोळच्या भंगारात धाडली. वरच्या तुळयासुद्धा घासून झाडल्या. आता खालून थेट कौलं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. धनाजीनं भात कालवला.

डोक्यावर करकरलं.

त्यानं मान वर केली. कौलं, तुळया आणि मधे मोकळी हवा. दोघींचे हात ताटांवर गेलेच होते.

"हात काढा," तो खेकसला. "वर काय बी न्हाई. काढा म्हनतो ना."

दोघी त्याच्या ताटाकडं बघत होत्या.

त्याचाही डावा हात ताटावर होता, आणि त्या हाताच्या पाठीवर तूस पडत होतं.