चौथी बँक

“हीबी नको,” राजमतीअक्का पायऱ्या उतरता उतरताच म्हणाल्या आणि मागे न बघता चालू लागल्या.

ही तिसरी बँक. त्रिशला सासूच्या मागे धावली. लक्ष्मीपुरीत ऊन मी म्हणत होतं, पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या अंगावर येत होत्या, आणि म्हातारी मात्र बाजारात भेंडी मोडून बघावी तशा बँका मोडून बघत होती.

“हिच्यात काय वाईट होतं, आत्याबाई?”

“बाहेर उभी ऱ्हा म्हटलं की उभी ऱ्हायाचं. भोचकपणा तिकडं विलायतेत कर.”

त्रिशला मागोमाग चालत राहिली. तिचा नवरा जिनपाल काविळीनं जाऊन दोन वर्षं झाली होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिनं गुपचूप अर्ज केला आणि विलायतेतल्या विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. नवऱ्याच्या विम्याचे पैसे फीला पुरत होते. पण ते ठेवायला आणि परदेशी चलनाचा परवाना घेऊन तिकडे पाठवायला इथं एक खातं हवं होतं. खातं काढल्याचं बँकेचं पत्र उद्याच्या टपालात पडलं नाही, तर जागा दुसऱ्याची होणार होती.

सकाळी दीर, श्रेणिक, गुळाच्या पेढीवर निघता निघता म्हणाला होता, “खातं माझ्या नावासकट काढा. दोघांच्या सह्या लागल्या म्हंजे बरं. वैनी तिकडंच रमल्या, तर पैसाबी गेला आनि माणूसबी.”

अक्का त्यावर हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. भाकरी थापत राहिल्या. आता, गप्प बसणं काही अक्कांच्या कुंडलीत नव्हतं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, शास्त्र वाचणाऱ्या पंडितालासुद्धा ‘मोठ्यानं वाच की, जेवला न्हाईस काय?’ म्हणणारी ती बाई. तेव्हा ती गप्प बसली याचा त्रिशलानं एकच अर्थ लावला. मायलेकांचं ठरलं आहे. उन्हातान्हात फिरवायचं, प्रत्येक बँकेत खोट काढायची, आणि आजचा दिवस असाच मावळू द्यायचा. आम्ही तर जा म्हणत होतो, असं चार लोकांत म्हणायला मोकळे, आणि सूनही घरातच.

चौथ्या बँकेत अक्का एकट्याच आत गेल्या. त्रिशला दाराशी उभी राहिली. रडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

“ये गं आत. सायबाला तुझं तोंड बघायचंय.”

मॅनेजर अवघडून हसला. “तसं नाही आजी. ज्यांचं खातं, त्यांच्यासमोरच बोलावं लागतं. बसा. चहा सांगू?”

“आमी बाहेरचं घेत न्हाई. कामाचं बोला.”

मॅनेजरनं फॉर्म पुढे ओढला. “खातं एकटीच्या नावावर की जोडीनं?”

त्रिशलानं फॉर्मवर नजर खिळवली. श्रेणिकचं नाव ऐकायची तिनं मनाची तयारी केली.

“एकटीच्या,” अक्का म्हणाल्या.

“आत्याबाई, पण भावजी सकाळी—”

“त्याचं मी बघून घेईन. माझ्या पोटचा हाय त्यो, डोक्यावरचा न्हाई.” मग त्या मॅनेजरकडे वळल्या. “थांबा, लिवू नका अजून. माझा सवाल ऱ्हायलाय. तिन्ही बँकांत इचारला, तुमालाबी इचारते. उद्या हिचं आडनाव बदललं, तर काय करावं लागतंय?”

“आडनाव? ते कशानं बदलेल?”

“बायकांचं कशानं बदलतंय?”

मॅनेजरची नजर त्रिशलाच्या मोकळ्या कपाळाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी खाली आली. त्रिशलानं टेबलाची कड घट्ट धरली. गेल्या दोन वर्षांत तिच्या दुसऱ्या लग्नाचा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तिनं स्वतः मनातसुद्धा नाही.

“लग्नाचा दाखला,” मॅनेजर हळूच म्हणाला, “आणि नव्या नावाची सही. टपालानं पाठवलं तरी होतं.”

“तिला हितं यावं लागत न्हाई?”

“नाही.”

“सासरच्या कुणाची सही?”

“ती कशाला?”

“त्या तिन्ही बँकांस्नी लागती म्हणं.”

“आम्हाला नको.”

अक्कांनी मोठा श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. “मग हीच बँक. काढा खातं.”

मॅनेजरनं फॉर्म भरला आणि सहीसाठी त्रिशलापुढे सरकवला. ती पेन उचलून अक्कांकडे वळली.

“आत्याबाई,” ती कशीबशी म्हणाली, “सही लागली असती, तर तुम्ही दिली नसती का?”

“दिली असती की. पर मी काय जल्माला पुरणार हाय? माझ्या मागं कुणाच्या पाया पडत हिंडणार हुतीस?” अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. घाम पुसला की आणखी काही, ते कुणाला कळायच्या आत पदर खाली आला होता.

“जिनपालला रडाय मी हाय,” त्या म्हणाल्या. “तू सही कर.”