सासूबाईंचं निदान

“याला कावीळ झालीय,” सासूबाई म्हणाल्या.

समोरच्या चित्रात एक सरदार उभा होता. कमरेला तलवार, छातीवर पदकं, आणि सगळं जग आपल्या खिशात असल्याचा चेहरा. सुनेनं शेजारची पाटी वाचली.

“अहो आई, चित्रावरचं वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं. तसं लिहिलंय इथे.”

“ते नेमकं डोळ्यांतच पडलं का?”

सून हसली. सासूबाईंचा सगळा जन्म इस्पितळात परिचारिकेचं काम करण्यात गेला होता. निवृत्त झाल्या, तरी पेशंट काही सुटले नव्हते. त्यांचा मुलगा वारला, आणि घरात या दोघीच उरल्या. समोरासमोर बसून बोलायचं काय, हे दोघींनाही सुचेना. म्हणून एका रविवारी या चित्रसंग्रहालयात आल्या आणि मग येतच राहिल्या. भिंतीवरची माणसं बोलायला विषय पुरवायची. सून पाट्या वाचायची, सासूबाई नाडी बघायच्या. राजकन्येच्या अंगात रक्त नव्हतं. फळं विकणाऱ्या बाईचे गुडघे गेले होते. ढगावर बसलेल्या गुटगुटीत देवदूताचं वजन त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

आज मात्र सुनेचं पाट्यांत मन नव्हतं. सांगायचं ते तिनं आंघोळ करताना घोकलं होतं, येताना बसमध्ये घोकलं होतं. आणि आता दर चित्रापाशी ती मनाशी म्हणत होती, पुढच्या चित्रापाशी सांगू.

जुन्या चित्रांच्या दालनात अगदी शेवटी एक लहानसं चित्र होतं. एक बाई उंबरठ्यात उभी. एक पाय बाहेर, हात अजून चौकटीवर. बाहेरचं ऊन तोंडावर आलेलं. चित्रकार अज्ञात, असं पाटीवर होतं.

सासूबाई काही बोलेचनात.

“हिला काय झालंय?” सुनेनं विचारलं.

“हिला? काही नाही. चांगली ठणठणीत आहे.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “बाहेर निघालीय. मागून कोणी हाक मारतंय का, तेवढं ऐकतेय.”

“मागे तर नुसता अंधार आहे.”

“अंधारात कोणी बसलेलं नसतं होय? बघ ना, तोंड उन्हात आणि कान मागे. काय काढलंय गं लेकाच्यानं!”

सुनेच्या ओठांवर शब्द आले आणि तिथेच अडले. तोवर सासूबाई पुढच्या दालनाकडे वळल्याही होत्या.

तिथे आजच्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं. एका भिंतीवर मुलांच्या पुस्तकांतली चित्रं लावली होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलं अस्वल आणि कुठून सुरुवात करावी या विवंचनेतला न्हावी बघून सासूबाईंना इतकं हसू आलं, की त्यांनी डोळे पुसले. हसत हसतच त्या वळल्या आणि एका मोठ्या चित्रापुढे थबकल्या.

त्यात माणूसच नव्हतं. फक्त एक पलंग. उशीला डोक्याचा खोलगा, चादर अर्धी खाली लोंबलेली, खिडकीतून आलेला सकाळचा निळसर उजेड. एका तरुण चित्रकर्तीचं काम होतं.

“आत्ताच कोणीतरी उठून गेलंय,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “चादर अजून गरम असेल.”

आणि बोलता बोलता त्यांचा हात पुढे गेला. लोंबणारी चादर वर घेऊन नीट खोचावी, तसा.

“बाई, हात नका लावू,” दालनातला रखवालदार लांबून म्हणाला. आवाजात राग नव्हता.

सासूबाई ओशाळल्या. मागे घेतलेला हात कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना. सुनेनं तो आपल्या हातात घेतला. घोकलेलं सगळं ती विसरून गेली होती.

“आई, एक जण आहे,” ती म्हणाली. “मी... आम्ही लग्नाचं बोलतोय.”

सासूबाई पलंगाकडेच बघत होत्या.

“चष्म्याच्या दुकानातला ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? चष्मा एक आणि दुकानाच्या खेपा किती! शिवाय तू हल्ली भांडी घासताना गुणगुणतेस. आधी नुसती आदळायचीस.”

सुनेच्या डोळ्यांपुढचं चित्र धूसर झालं. “तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“वाटलं ना. तुझं गुणगुणणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार वाटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.” सासूबाई थांबल्या. “मग दुसऱ्या दिवशी तू गुणगुणली नाहीस. त्याचं जास्त वाटलं.”

शाळेच्या मुलींचा एक घोळका दालनात शिरला, अस्वलापाशी खिदळला आणि पुढे गेला. दोघी बाजूच्या बाकावर टेकल्या. सुनेनं नाक पुसलं. सासूबाईंनी तिची पाठ थोपटली, मग आपलीच घडी मोडलेली साडी गुडघ्यावर सारखी केली.

“मी काय विचारते,” सासूबाईंनी शेवटी तोंड उघडलं. आवाज थोडा जपून होता. “त्याला चित्रं आवडतात का?”

“छे हो. एकदा चल म्हटलं, तर म्हणतो, उभं राहून पाय दुखतात.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला.

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “मग इथे आपण दोघीच येत जाऊ.”