तांडेलाची जागा

"दोन माणसांची गाडी म्हणून पास करायचीय ना? मग दोन माणसं बसवून दाखवा," आरटीओचे साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडं बघितलं. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती.

नामानं मैदानभर नजर फिरवली. मागं बसायला भिवा मेकॅनिक येणार होता, त्याचा पत्ता नव्हता. टेम्पोवाला दुसरी खेप मारायला गेलेला. एका एजंटला विचारलं, तर त्यानं त्या उंच, दातेरी टायरांच्या जपानी मोटारसायकलकडं खालून वर पाहिलं. "नको रे बाबा, मला बायकापोरं आहेत," म्हणाला आणि सटकला. एकोणनव्वद साली असली गाडी ठाण्यात बघितली होती कुणी? उरला एकच माणूस. तो रेशनकार्ड छातीशी धरून कडुनिंबाच्या सावलीत उभा होता, गाडीकडं पाठ करून. नामाचा बाप, दामाजी तांडेल.

आता दामाजी तांडेल कुणाच्या मागं बसेल, हे कोपरच्या खाडीवर कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. रिक्षात बसायचा तर ड्रायव्हरला सरकवून त्याच्या शेजारी. एसटीत पुढची सीट मिळेपर्यंत उभा. सख्ख्या भावाच्या वरातीत तर हा बाबा घोड्याच्याही पुढं चाललेला. माज म्हणा, नाहीतर तांडेल, म्हणजे नावेचा कप्तान, होऊन जन्मभर मचवा हाकणाऱ्याची ऐट म्हणा. आज डोंबिवलीहून येतानाही तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, आणि नामा मागं हौद्यात, गाडीला मिठी मारून. दामाजी आला तोही कार्डापायी. रेशनकार्ड त्याच्या नावावर, पत्त्याचा पुरावा म्हणून साहेबांना ते अस्सल बघायचं होतं, आणि दामाजी ते कुणाच्या हाती देईना.

त्यात बापलेकाचं बोलणं बंद. नामा मचवा सोडून मस्कतला गेला, त्या दिवसापासून दामाजीनं त्याचं नाव टाकलं. पोरगा समोर जेवायला बसलेला असला तरी बायकोला म्हणायचा, "शेवंते, तुझ्या पोराला सांग." सात वर्षं उन्हात पाइप जोडून नामानं ही गाडी कमावली होती. कंपनीच्या जपानी साहेबाकडून घेतलेली, वाळूतून आणि डोंगरातून उड्या मारायची गाडी. रस्त्यासाठी बनवलेलीच नव्हती ती. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना आरसा. कस्टममधून सुटली, तर आरटीओनं दोनदा परत पाठवली. मग भिवानं मानपाड्याच्या गॅरेजात एकेक वस्तू जोडली. दिवा, हॉर्न, आरसा झाले. शेवटी मागची सीट, पाय ठेवायच्या दांड्या आणि चक्क साडीगार्ड. भिवा वैतागून म्हणाला होता, "अरे, एकाच माणसाची म्हणून पास करून घे ना. कशाला तरफडतोस?" नामानं ऐकलं नाही. ती सीट बापासाठी आहे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ऐकणारे पोट धरधरून हसले असते.

"आज नाही जमलं तर पुन्हा तारीख घ्या," साहेब म्हणाले.

नामा कडुनिंबाखाली गेला. 

"बा, मागं बसशील? एकच फेरी."

 दामाजीनं कार्ड बंडीच्या खिशात घातलं. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. टायर अंगठ्यानं दाबून बघितला, सीटवर थाप मारली. मग नामाच्या खांद्याचा आधार घेतला आणि टांग टाकून वर चढला. धोतराचा सोगा चाकाकडं गेला, तो साडीगार्डनं अडवला. भिवाच्या त्या साडीगार्डचा पहिला मान तांडेलाच्या धोतराला मिळाला.

गाडी सुटली. आठचा आकडा काढायचा होता. मागं ओझं घेऊन नामा कधी वळला नव्हता, पहिल्याच वळणाला गाडी डगमगली. तेवढ्यात त्याच्या उजव्या खांद्यावर बोटं टेकली. नामा उजवीकडं झुकला. मग डाव्या खांद्यावर. नामा डावीकडं झुकला. गाडी भरतीच्या पाण्यावरून वळावी तशी वळली. ही बोटं ओळखीची होती. मचव्यावर बा अशीच खांद्याला बोटं लावून वळण सांगायचा, सात वर्षांनीही खांदा त्यांना विसरला नव्हता. नामाचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, आपली गाडी सगळ्या ठाण्यानं बघावी, आणि मागं कोण बसलंय तेही बघावं.

"पास," साहेब म्हणाले. "वडील का तुमचे?"

"हो, वडील. दामाजी तांडेल." नामा हे इतक्या मोठ्यानं म्हणाला, की तो मघाचा एजंटही वळून बघायला लागला.

आणि नेमका तेव्हा भिवा धापा टाकत आला. भिवा मूळचा घाटावरचा, तोंडाला फाटक नाही. गाडीवरची जोडी बघून तो जागच्या जागी थबकला.

"आयला, दामाजी तांडेल पोराच्या मागं बसला! कोपरात सांगतोच आता."

मैदानातले चारजण हसले. नामाला वाटलं, संपलं. आता बा उतरणार, पाठ फिरवणार, आणि घरी पुन्हा 'तुझ्या पोराला सांग' चालू.

दामाजी उतरला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

"तुला काय ठावं रं, घाटावरच्या मानसाला? मचव्यावर पुढं खलाशी बसतो. सुकाणू मागं असतंय, आन तांडेल मागंच बसतो," तो म्हणाला, आणि पुढच्या खांद्यावर त्यानं बोटं टेकवली. "चल नामा, पुढं बग."