शून्य ओळी

तिसऱ्यांदा शोध घेतला तरी पडद्यावर तेच उमटले : शून्य ओळी.

मंजूने कार्ड पुन्हा पाहिले. क्रमांक बरोबर होता. नावही बरोबर. दुलीचंद, वय एकाहत्तर, मुक्काम बोदलकसा. तेरवीनंतर बाबांच्या बंडीच्या खिशात हे कार्ड सापडले होते. गोंदियातल्या ज्या दवाखान्यात ती पहिल्या मजल्यावर डेटाबेस सांभाळत होती, त्याच दवाखान्याचे. कार्डाच्या मागच्या बाजूला आठ महिन्यांतल्या सतरा तारखा. छातीचा विभाग, तळमजला.

फोनवर ते एवढेच म्हणत, "बरा आहो." मग थोडा वेळ गप्प राहत. मग तीच म्हणे, "ठेवते, बाबा."

रुग्णांच्या नोंदींचे टेबल वाचायचे अधिकार तिच्याकडे होते. रुग्णाचा इतिहास काढणारे फंक्शन तिनेच लिहिलेले. दुसरा कुठलाही क्रमांक दिला की बिनचूक चाले. म्हणजे बाबांच्या नोंदीची ओळच नव्हती. कोणीतरी उडवली होती.

तळमजल्यावर नोंदी टाकायचे काम टेकचंदचे. बाबा गेल्यापासून तो तिला टाळत होता. समोर आली की फायली चाळू लागे.

ती सरळ त्याच्या खिडकीशी गेली.

"टेकचंदभाऊ, माझ्या बाबांची नोंद कोणी पुसली?"

त्याने मान वर केली नाही. "आता कायले पाहिजे तुमाले?"

"कोणी पुसली?"

"पुसनारं कोनी नव्हतं, मॅडम. तेच तर."

"उपचारात काही चुकलं म्हणून उडवली ना? मोठ्या डॉक्टरांकडे जाते मी. नोकरी जाईल तुमची."

रांगेतली माणसे बघू लागली. एक म्हातारा तर काठी टेकून पुढे सरकला. टेकचंदने मॉनिटर तिच्याकडे फिरवला. बाबांचे नाव होते. सतराही भेटी होत्या.

"मले तर दिसून राहिलं," तो म्हणाला. "डोळे तुमचेच तपासा एकदा. विभाग बाजूलेच आहे."

रांगेत कोणी तरी हसले.

मंजू वर आली. तेच फंक्शन, तोच क्रमांक. त्याच्या लॉगिनला सतरा ओळी, तिच्या लॉगिनला एकही नाही. तेव्हा तिला तो नियम आठवला. तीन वर्षांपूर्वी एका नर्सने नणंदेचा रिपोर्ट वाचून घरभर केला होता. त्यानंतर मंजूनेच सोय केली होती : रुग्णाचा नातेवाईक इथे कामाला असेल तर त्याचे नाव टाकायचे, आणि रुग्णाची इच्छा असेल तर ती ओळ त्या नातेवाइकापासून लपवायची. फंक्शन कोण चालवतो ते पाहून हा नियम लागू होई. 'परवानगी नाही' असे तो म्हणत नसे. ओळ जणू कधी नव्हतीच.

तिने डेटाबेसच्या मुख्य लॉगिनने टेबल उघडले; त्याला हा नियम लागत नसे.

नातेवाईक : मंजू (मुलगी). लपवा : होय.

ती बराच वेळ त्या 'होय'कडे पाहत राहिली. गावाहून तिरोड्याला येऊन, तिथून बस धरून ते सतरा वेळा इथे आले. तिच्या पायाखालच्या मजल्यावर बसले. आणि एका परक्या कारकुनाला सांगून गेले, माझ्या मुलीला कळू देऊ नका. आपण कोणत्या प्रकारची मुलगी होतो, हे तिला कोणी सांगायला नको होते. वर त्या कारकुनालाच तिने चारचौघांत चोर ठरवले होते.

दुपारी खिडकी रिकामी झाल्यावर ती खाली गेली.

"चुकलं माझं, भाऊ. मला दाखवू नका, असं बाबांनीच सांगितलं होतं, हो ना?"

टेकचंदने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले.

"ते कायले सांगतीन? तिथं कोनाले इचारतच नाही जी. नातेवाइकाचं नाव टाकलं का 'होय' आपोआपच येते."

खरे होते. भरायचे राहून जाऊ नये म्हणून तो 'होय' तिनेच आधीपासून घालून ठेवला होता.

"तुमाले दिसत नाही, हे मले आज समजून राहिलं," तो हळू बोलला. "मी उगाच तुमच्यावर डाफरलो. बाबूजी दर खेपेले इचारत, पोरीनं पाह्यलं का? मी म्हनो, तिले वरतं सारंच दिसते. तुमी वर जा म्हटलं तं नाही म्हनत. माहीत आहे तं तिची ती येईन, म्हनत. अन् पाचच्या गाडीपर्यंत बसून राहत, तुमी खाली उतरान म्हनून."