लायसन्सवाला माणूस

नांदूर नाक्यावर पोलिसाने संजनाची मोटारसायकल बाजूला घेतली, किल्ली काढली आणि पुढच्या लाल ‘एल’कडे बोट दाखवलं. "ताई, शिकाऊ लायसन्सवर पोरीला घेऊन कुठं निघालात? मागे बसणारा लायसन्सवालाच लागतो."

"निफाडला, आईकडं. साहेब, हवा तेवढा दंड घ्या, पण जाऊ द्या हो!" हेल्मेटच्या काळ्या काचेआडून संजना गयावया करू लागली.

पोलीस भला माणूस होता. "दंड राहू द्या. ट्रकांचा रस्ता आहे, पोरीला काही झालं म्हणजे? घरचं कुणीतरी लायसन्सवालं बोलवून घ्या."

"कुणीच नाही हो."

त्याने वाकून मागच्या पोरीला विचारलं, "बाळा, पप्पांचा नंबर येतो का?"

तेजलला यायचा. हरवलीस तर सांगायचा म्हणून आईनेच पाठ करून घेतला होता. तिने तो एका दमात म्हणून दाखवला आणि शाबासकीसाठी आईकडे पाहिलं.

थोड्या वेळाने नवरा रिक्षाने आला. त्याने पोलिसाला हात जोडले, लेकीचा गालगुच्चा घेतला. पोलिसाने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "बसा ताई मागे. आता कसली काळजी!"



शेवटी धीर करून संजनाने काळी काच वर केली, रात्री नवऱ्याने सुजवलेला डोळा दिसावा म्हणून. पण तोवर पोलीस पाठ फिरवून पुढच्या गाडीला शिट्टी मारत होता.