दोन हजार तीनशे ओम

धर्मापुरीत भर दुपारी मन्मथप्पांनी विहिरीतली मोटार दुरुस्तीला काढून ठेवली होती. वायरीची दोन्ही टोकं कोरड्या दगडावर मोकळी पडली होती. तरी त्या वायरीतून करंट जात होता.

वायरमन साजिदला नुसत्या मीटरवर भरोसा नसायचा. तो पेनानं तळहातावर भागाकार करायचा. दोनशे तीस व्होल्ट, पॉइंट एक अँपिअर. म्हणजे दोन हजार तीनशे ओम, तेवीस वॉट.

"मोटारीचा रेझिस्टन्स एवढा नसतोय, अप्पा. ओल्या माणसाच्या अंगाचा असतोय."

"तिथं कोन हाय? टोकं समोर पडल्यात की."

"कोनीच न्हाई."

"मग फ्यूज काढ."

साजिदनं हात पुढं केला, तसा मीटरवरचा आकडा डबल झाला. पॉइंट दोन. त्यानं तळहातावर पुन्हा भागलं आणि हात मागं घेतला.

"अप्पा, आता दोघं हायेत."